भांडी घासतानाचं ध्यान

मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस उचलतो. तारेखालचा दोरा जरासा सरकला तरी नाद पालटतो. डोळे मिटलेले नाहीत, आसनही नाही. पण एका संवेदनेवर लक्ष ठेवायचं आणि ते भरकटलं की परत आणायचं, ही ध्यानातली मुख्य कसरत इथे चाललेलीच असते.

मन रिकामं झालं पाहिजे, हा समज आधी सोडावा. 2010 साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2250 प्रौढांना फोनवरून दिवसात केव्हाही विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी माणसं कमी आनंदी होती. मन भरकटतं तेव्हा मेंदूतल्या काही भागांचं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ नावाचं जाळं जास्त सक्रिय असतं. मुरलेल्या साधकांमध्ये ते तुलनेने शांत आढळलं आहे.

2015 मध्ये फ्लोरिडात 51 विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावली. साबणाचा वास, पाण्याची ऊब, हाताला लागणारा स्पर्श यांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांनी मनातली अस्वस्थता सुमारे 27 टक्क्यांनी उतरल्याचं नोंदवलं. प्रयोग छोटा, उत्तरंही त्यांनी स्वतःच दिलेली. शिवाय लग्नघरच्या पातेल्यांना हाच नियम लागू पडेल का, याची मला शंकाच आहे.

मला जास्त पटतो तो श्वासाचा पुरावा. 2001 मध्ये इटलीतल्या बर्नार्दी यांनी 23 जणांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या लहरी जुळतात. सांगलीच्या गणपती मंदिरात सावकाश नामजप करणाऱ्या आजींचा श्वासही याच वाटेने संथ होत असावा.

तेव्हा सांगलीच्या स्टँडवर मिरजेच्या गाडीची वाट बघताना मोबाइल खिशात ठेवून दहा संथ श्वास घेता येतील. आयर्विन पुलावरून चालताना तळपायांकडे लक्ष देता येईल. श्वासाकडे बघितल्यावर ज्यांची घालमेल वाढते, त्यांनी बाहेरचे आवाज ऐकावेत. चालू असलेले उपचार मात्र बंद करू नयेत. आणि गाडी चालवताना श्वास मोजत बसू नये. तिथे लक्ष हवं ते रस्त्यावर, आरशात आणि समोरून येणाऱ्या एसटीवर.