रोमन सम्राटांची नाणी

ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेल्या रोमन साम्राज्यातील बहुतेक प्रजेने सम्राट कधी पाहिला नाही. त्याचा चेहरा त्यांच्या हाती पडे तो नाण्यावरच.

प्रजासत्ताकाच्या काळात रोममध्ये पाडलेल्या नाण्यांवर देवता आणि पूर्वजांच्या प्रतिमा असत; हयात माणसाची छबी हे राजेशाहीचे लक्षण. इ. स. पू. ४४ मध्ये डिनेरिअस या चांदीच्या नाण्यावर ज्यूलिअस सीझरचा चेहरा आणि ‘तहहयात हुकूमशहा’ हे बिरुद आले. त्याच वर्षी त्याचा खून झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने नंतर काढलेले नाणे सर्वांत बोलके आहे. मागील बाजूस दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, खाली खुनाच्या तारखेचा, म्हणजे १५ मार्चचा, लॅटिन उल्लेख. दर्शनी बाजूस मात्र खुद्द ब्रूटसच! राजेशाहीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यालाही हा मोह आवरला नाही.

पहिला सम्राट ऑगस्टस याने हीच प्रथा रुळवली. ‘देवाचा पुत्र’ असे तो नाण्यावर म्हणवून घेई. देव म्हणजे मरणोत्तर देवत्व दिलेला, त्याला दत्तक घेणारा सीझर. इजिप्त जिंकल्याची बातमी त्याने मगरीच्या चित्राने दिली, तर पुढे सम्राट वेस्पेशनने ज्यूडियाचा (ज्यू लोकांच्या प्रांताचा) पाडाव खजुराच्या झाडाखाली शोक करणाऱ्या स्त्रीच्या रूपात कोरवला. नाव पुसायचे झाले तरी नाणे सुटत नसे. इ. स. २११ मध्ये सम्राट कॅराकॅलाने भाऊ आणि सहसम्राट गेटाचा खून करवला, तेव्हा आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) काही नाण्यांवरून गेटाचा चेहरा खरवडून काढण्यात आला.

छाप दिमाखदार राहिली, धातू मात्र हिणकस होत गेला. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने डिनेरिअसचे वजन आणि कस दोन्ही घटवले. तिसऱ्या शतकात सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या काळापर्यंत चांदीचे म्हणवले जाणारे नाणे बहुतांशी तांब्याचे झाले होते; त्यावरील सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट मात्र कायम होता.

व्यापारातून ही नाणी भारतातही आली. दक्षिण भारतातील साठ्यांत ऑगस्टस आणि टायबीरिअस यांची चांदीची नाणी विपुल आहेत. काही सुवर्णनाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आढळतो. त्याच्या कारणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. संस्कृतमधील ‘दीनार’ हा शब्द डिनेरिअसवरूनच आला. मराठवाड्यातील तेर येथे तर रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदके घडवलेली सापडली. रोमच्या सत्तेची खूण इथे दागिना झाली होती.