पिनस्ट्रायपिंग : ब्रश आणि त्याची निगा

गाडीच्या पत्र्यावर ब्रशने हातानेच, एका ओढीत मारलेली बारीक सलग रेघ. कुर्ल्याच्या गॅरेजात किंवा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर ‘लायनिंग’ म्हटलं तरी काम भागतं. सुतार सरळ रेघेसाठी सूत मारतो, पण मोटरसायकलच्या गोल टाकीवर सूत चालत नाही, तिथे करंगळी पत्र्यावर टेकवून हात मागे खेचत न्यायचा असतो.

उगम कॅलिफोर्नियातला, १९५० च्या दशकातला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि श्रेय ‘व्हॉन डच’ म्हणजे केनेथ हॉवर्ड (१९२९–१९९२) याला दिलं जातं. त्याने रेघांची वेलबुट्टी लोकप्रिय केली हे खरं, पण तंत्र त्याच्याआधीचं आहे. घोडागाड्यांच्या चाकांवर, आऱ्यांवर अशा रेघा एकोणिसाव्या शतकात सर्रास मारत आणि या कामाचे ब्रश बनवणारी अमेरिकेतली मॅक कंपनी १८९१ ची मानतात, त्यामुळे बग्गीकडून मोटारीकडे हाच क्रम जास्त पटतो. आपल्याकडे रॉयल एनफिल्डच्या टाकीवरच्या हाताने मारलेल्या रेघा प्रसिद्ध आहेत, त्या चेन्नईच्या कारखान्यातल्या.

मुख्य हत्यार म्हणजे ‘स्वोर्ड’ ब्रश. मूठ आखूड, केस लांब आणि तिरके कापलेले, तलवारीच्या पात्यासारखे. लांब सरळ रेघेला स्वोर्ड, वळणांना त्याहून आखूड केसांचा ‘डॅगर’. नंबर ०००० पासून वर जातात, शून्यं जितकी जास्त तितका ब्रश बारीक. केस खारीचे असतात, कारण ते भरपूर रंग धरतात आणि उसळत नाहीत, म्हणजे वाकवले की झटकन सरळ होत नाहीत. उसळणारा केस (नायलॉनचा म्हणा) हात थोडा हलला की रेघेत दाखवून देतो.

इथे ‘कॅमल हेअर’चा घोळ निस्तरायला हवा. या नावाने विकल्या जाणाऱ्या ब्रशात उंटाचा केस नसतोच, असतो खार, बकरी, घोडा किंवा बैलाचा. नाव कुठून आलं यावर मतं आहेत, कॅमल आडनावाच्या कारागिराची गोष्ट सांगतात पण ती फारशी भक्कम वाटत नाही. मुंबईत गोंधळ आणखी वाढतो कारण दांडेकरांच्या कॅमलिनचा (१९३१) ‘कॅमल’ छाप शाळेपासून डोक्यात बसलेला, त्याचा या केसाशी संबंध नाही. मुंगसाच्या केसाचे ब्रश पूर्वी बाजारात असत, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे, असा ब्रश विकणं गुन्हा, आणि तो केस तसाही या कामाला कडकच.

रंग इनॅमल. गुळगुळीत मासिकाच्या पानावर ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवून रंग मुरवायचा, जड वाटला तर थेंबभर टर्पेंटाइन. पत्रा आधी पुसलेला हवा, मात्र रॉकेलने पुसलात तर तेलकट थर राहतो आणि रंग धरत नाही.

निगा हा खरा विषय. इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, त्यामुळे केसांच्या मुळाशी, केस मुठीला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या टोपणात जरा जरी रंग राहिला तरी तिथे खडा होतो आणि केस फाकतात. म्हणून काम संपलं की टर्पेंटाइनमध्ये दोनतीनदा, मुळापासून टोकाकडे दाबत धुवायचा. एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं तीव्र द्रावण) नको, केसाचं नैसर्गिक तेल जाऊन तो ठिसूळ होतो. मग तेल लावून चिमटीत पात्याचा आकार द्यायचा आणि डब्यात आडवा ठेवायचा, डब्यात केस खाली करून उभा ठेवला की टोक वाकलंच समजा. तेल न सुकणारं पाहिजे: कोरं इंजिन ऑइल किंवा बेबी ऑइल. जवस आणि करडईचं तेल सुकून चिकटतं, म्हणजे घरातली करडईची बाटली घरातच राहू द्या. खोबरेल सुकत नाही पण डिसेंबरच्या सकाळी थिजतं. पावसाळ्यात डब्यात डांबरगोळी टाकतात, खारीच्या केसाला कसर लागते, आणि पुन्हा काम काढायच्या आधी हे सगळं तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर नव्या रेघेत बारीक खळगे पडतात.