ग्रीक पट्टी आणि एक वाकडी नदी

ग्राफची वही घ्या, पेन टेकवा आणि 2 घरं वर, 2 उजवीकडे, 1 खाली, 1 डावीकडे, परत 1 खाली आणि 2 उजवीकडे जा, मग हेच पुन्हा, पेन न उचलता. चार-पाच वेळा झालं की ओळखीची पट्टी दिसेल, तीच जी टाइल्सच्या बॉर्डरला असते आणि पडद्यांच्या काठाला पण असते. हिलाच ग्रीक की म्हणतात, आणि खरं नाव मिअँडर. आता वही उलटी फिरवा, पट्टी जशीच्या तशी! पण आरशात धरली तर हुक उलट्या बाजूला वळतात, म्हणजे या नक्षीला दिशा असते आणि म्हणूनच ती नुसती बसून न राहता पळतेय असं वाटतं.

मिअँडर हे मुळात एका नदीचं नाव. मायआंद्रोस, आजच्या तुर्कस्तानातली ब्युयुक मेंडेरेस, इतकी वाकडीतिकडी की स्ट्रॅबो हा जुना भूगोलकार लिहितो की वळणं घेणाऱ्या सगळ्याच गोष्टींना लोक तिचं नाव देतात. आपण वळणाला नाग आठवून नागमोडी म्हणतो, त्यांनी नदी आठवली, एवढाच फरक.

आता नदी का वळते? चहात चमचा फिरवा आणि थांबा, पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. तळाजवळचं पाणी घासल्यामुळे हळू फिरतं, त्याला बाहेर फेकणारा जोर कमी पडतो, मग ते तळातून आत सरकतं आणि पत्ती घेऊन येतं. आइन्स्टाइनने 1926 मध्ये हाच चहा पुढे करून नद्यांची वळणं समजावली होती. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरचा काठ खातं, तळाचं पाणी ती माती-वाळू आतल्या काठाकडे ढकलतं, मग वळण अजून वाढतं, आणि फारच वाढलं की नदी शॉर्टकट मारते आणि जुना तुकडा तळं होऊन मागे राहतो.

स्ट्रॅबो सांगतो की नदीने काठाची जमीन तोडून हद्द बदलली की लोक चक्क नदीवर खटला भरायचे म्हणे! नदी हरली तर दंड होडीने पलीकडे जाणाऱ्यांकडून घेतलेल्या पैशांतून भरला जायचा. आणि नदीने आणलेल्या गाळाने तिच्या मुखाजवळच्या मिलेटस या जुन्या ग्रीक शहराचं बंदर एवढं बुजलं की इ.स.पू. 494 मध्ये ज्या लाडे बेटाजवळ मोठं आरमारी युद्ध झालं ते बेट आता शेतांमधली टेकडी आहे.

पण नदीच्या वळणांना कुठे काटकोन असतात? म्हणून ही नक्षी नदी बघून काढली असं मला वाटत नाही, नाव मागून चिकटलं असणार. विणकामात किंवा टोपलीत दोरे आडवे-उभेच जातात, तिथे गोल वळणसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनीच घ्यावं लागतं, तेव्हा ती तिथून मडक्यांवर आली हे मला जास्त पटतं.

आणि प्रतीकाचं काय, तर इंटरनेटवर सगळीकडे "अनंतकाळ" असं ठोकून दिलेलं असतं, पण ज्या कुंभारांनी ती काढली त्यांनी त्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. भुलभुलैयाचं मात्र नातं दिसतं. ब्रिटिश म्युझियममधल्या एका प्याल्यावर ग्रीक कथांमधला वीर थीसियस मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला भुलभुलैयाच्या दारातून ओढून बाहेर काढतोय आणि दाराशेजारी मिअँडरची उभी पट्टी आहे, म्हणजे चित्रकाराला आतले सगळे बोळ दाखवायची गरजच पडली नाही. कथेतला हा भुलभुलैया जिथे होता त्या क्रीट बेटावरच्या क्नोसॉस शहराच्या नाण्यांवरचे काही भुलभुलैये पण असेच काटकोनी हुकांचे आहेत.

मला सगळ्यात आवडतो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला डिपायलॉनचा (म्हणजे अथेन्सच्या वेशीजवळच्या जुन्या दफनभूमीतला) रांजण, इ.स.पू. 750 च्या आसपासचा, दीड मीटरहून उंच, एका बाईच्या थडग्यावर उभा केलेला. दोन मुठींच्या मधल्या पट्टीत ती बाई तिरडीवर आडवी आहे, दोन्ही बाजूंना माणसं डोक्यावर हात ठेवून रडतायत, सगळी काड्यापेटीतल्या काड्यांसारखी. मानेवर हरणं आणि बकऱ्यांच्या रांगा. बाकी जवळपास अख्खा रांजण अशाच पट्ट्यांनी गच्च भरलाय, कुठे एकेरी, कुठे दुहेरी मिअँडर, आणि जवळून बघितलं तर मिअँडरची पट्टी आधी दोन बारीक रेघांनी आखून मग आत तिरक्या रेघोट्या भरलेली आहे.