सिग्नलशी बोलणारी गाडी आणि तुमची पुढची काच

काच बदलायला येणारे बरेच जण हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "गाडीला एडास (चालकाला मदत करणारी कॅमेरा-रडारची यंत्रणा) आहे, म्हणजे लाल सिग्नलला ती आपोआप थांबेल ना?"

नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या तरी थांबणार नाहीत. आरशामागे पुढच्या काचेला लावलेला कॅमेरा आणि बंपरमागचा रडार यांना पुढची गाडी, रस्त्यावरचे पट्टे, आडवा येणारा माणूस कळतो. सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) सिग्नलला पुढे गाडी उभी असेल तर तिला पाहून ब्रेक लागू शकतो. पुढे कुणी नसेल आणि दिवा लाल असेल, तर ब्रेक तुमच्याच पायाने लावायचा.

सिग्नलशी खरोखर "बोलणारी" गाडी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे सिग्नलच्या खांबाजवळचं यंत्र सेकंदाला साधारण १० वेळा रेडिओ संदेश सोडतं: कुठल्या बाजूला हिरवा आहे, तो कधी बदलेल. दुसऱ्या संदेशात चौकाचा नकाशा असतो, लेन आणि थांबण्याची रेघ धरून. गाडी आपली जीपीएसवरची जागा त्याच्याशी ताडून पाहते. यासाठी रेडिओ लहरींचा ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. मोबाईल नेटवर्कवरूनही हे जमतं. अमेरिकेत लास व्हेगासला ऑडीने २०१६ साली तसंच केलं. हिरवा व्हायला किती सेकंद उरले ते चालकासमोर दिसायचं, पण शेवटचे काही सेकंद आकडा मुद्दाम गायब, म्हणजे नजर रस्त्यावर राहावी. आपल्याकडे आकडा तीनवर आला की मागून हॉर्न सुरू होतात, ते आठवलंच असेल.

फायदा कसा, तर समजा सिग्नल २५० मीटरवर आहे आणि हिरवा व्हायला ३० सेकंद आहेत. ताशी ५० ने गेलात तर १८ सेकंदांत पोचून १२ सेकंद उभे राहाल. ताशी ३० ने गेलात तर पोचायला आणि हिरवा व्हायला एकच गाठ. ब्रेक नाही, क्लच नाही, पेट्रोलही वाचलं.

रांगेचंही तसंच. हिरवा झाल्यावर एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणून दहाव्या गाडीला वीसेक सेकंद लागतात. एकमेकींशी जोडलेल्या स्वयंचलित गाड्या जवळपास एकदमच हलू शकतात. मात्र रेघेच्या पुढे पंधरा बाईक उभ्या असतील तर हे गणित कागदावरच राहतं, असं आमचं स्पष्ट मत.

आणखी एक अडचण आहे. गर्दी पाहून वेळ बदलणाऱ्या सिग्नलला पुढचा बदल नक्की केव्हा, हे स्वतःलाच आधी ठाऊक नसतं. मग गाडीला अंदाजावर चालावं लागतं. ठरलेल्या वेळेचा सिग्नल याबाबतीत सोपा.

म्हणून "सिग्नलशी जोडणारा डबा" कुणी विकायला आला तर आधी विचारा, कुठल्या चौकातला सिग्नल संदेश सोडतो? सिग्नलच गप्प असेल तर डबा ऐकणार काय?

आता आमच्या कामाचं. काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवून घेणं, टाळू नका. कॅमेरा एक अंशाने जरी फिरला तरी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटरची चूक होते. शेजारच्या लेनमधली रिक्षा त्याला तुमच्याच पुढे दिसेल. येताना डिकी रिकामी ठेवा, टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा आणि घाईत येऊ नका. सपाट जागेवर गाडी लावून मोजमाप घ्यावं लागतं.