लकडी पूल आणि नवा पूल: संभाजी पूल कुठला, शिवाजी पूल कुठला?

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाचा मुठा ओलांडताना एक गोंधळ हमखास होतो. नकाशात दिसतात छत्रपती संभाजी पूल आणि छत्रपती शिवाजी पूल. रिक्षावाला म्हणतो लकडी पूल आणि नवा पूल. त्यात लकडी पुलाला औषधालाही लाकूड नाही आणि नव्या पुलाने केव्हाच शंभरी गाठली आहे.

लकडी पूल म्हणजे संभाजी पूल. त्याच्या एका टोकाला डेक्कनचा खंडोजीबाबा चौक, दुसऱ्या टोकाला अलका टॉकीज. नवा पूल म्हणजे शिवाजी पूल. तो नदीच्या प्रवाहाबरोबर बराच खाली, संगमाच्या बाजूला आहे. अलीकडे शनिवारवाडा, पलीकडे महापालिका. पत्ता विचारायचा असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

वयात मात्र दोघांमध्ये दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. तिकडून परतणाऱ्या फौजेला शहरात येता यावं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी घाईघाईने लाकडाचा पूल बांधवला, असं पुण्यात सांगत आले आहेत. नानासाहेब स्वतः त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. लाकूड पुढे नदीने नेलं, 1840 च्या दशकात त्या जागी दगडी पूल आला, नंतर तो रुंदही झाला. नाव मात्र लोकांनी सोडलं नाही.

नवा पूल इंग्रजी अमदानीतला. 1923 मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव दिलं होतं. ‘लॉइड ब्रिज’ पुणेकरांच्या तोंडी काही रुळला नाही. त्यांच्या लेखी तो नवा पूल, आणि शेजारी कितीही नवे पूल आले तरी तोच नवा.

दिसण्यात म्हणाल तर माझं मत नव्या पुलाच्या बाजूने आहे. वरून जाताना काही कळत नाही; पाणी कमी असताना काठावर उतरून बघा. काळ्या दगडाच्या कमानी ओळीने उभ्या आहेत आणि दगडकाम बघत राहावं असं आहे. लकडी पुलाला असं देखणेपण नाही, आणि आता तर त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. हे काम चालू असताना 2021 मध्ये गणपती मंडळांनी आवाज उठवला होता: मिरवणुकीचे उंच रथ खालून जाणार कसे? प्रश्न रास्तच होता. कारण लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता असे विसर्जन मिरवणुकीचे सगळे रस्ते अलका चौकात येऊन मिळतात आणि तिथून समोर लकडी पूलच आहे. अनंत चतुर्दशीला चौकात उभं राहिलं की हा पूल शहरात एवढा का महत्त्वाचा ते सांगावं लागत नाही. नव्या पुलाची गर्दी वेगळ्या जातीची. सकाळी कोर्टकचेऱ्या आणि महापालिकेकडे जाणारी, संध्याकाळी शिवाजी रस्त्याने मंडईकडे, स्वारगेटकडे उतरणारी.

दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक फरक. लकडी पुलावर त्यांना वर्षानुवर्षे बंदी राहिली. नवखा माणूस खुशाल पुलावर चढायचा आणि पलीकडच्या टोकाला वाहतूक पोलीस मामा पावतीपुस्तक घेऊन उभे असायचे. जाणकार पुलाच्या अलीकडूनच वळून भिडे पूल नाहीतर झेड पूल धरायचे. या दोघांचीही अदलाबदल होतेच, म्हणून जाता जाता: झेड पूल उंचावर आहे, त्याचं कागदोपत्री नाव काकासाहेब गाडगीळ पूल; बाबा भिडे पूल नदीपात्राला टेकलेला. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी त्याचीच.

लकडी आणि नवा पूल असे सहजी बुडत नाहीत. पण 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा दोघांवरूनही पाणी गेलं होतं. तेव्हा पाण्याच्या वर राहिला तो बंडगार्डनचा पूल, आणि तो या दोघांपासून चांगलाच लांब, मुळा-मुठा एकत्र झाल्यावर पुढे लागतो.