१७बीटा-एचएसडी टाइप १ आणि टाइप २: नाव एक, काम उलट

इस्ट्रोन आणि इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेन गटातल्या (स्त्री-संप्रेरकांच्या) दोन रेणूंत फरक आहे तो फक्त दोन हायड्रोजन अणूंचा. १७ क्रमांकाच्या कार्बनवर कीटोन गट असला की इस्ट्रोन, हायड्रॉक्सिल गट असला की इस्ट्राडायॉल. इस्ट्रोजेनच्या ग्राहीला (रिसेप्टरला) इस्ट्राडायॉल घट्ट चिकटते, इस्ट्रोन त्या मानाने बरेच कमी. म्हणजे एवढ्याशा बदलावर पेशीतला इस्ट्रोजेनचा जोर वाढतो किंवा ओसरतो. हा बदल घडवतात १७बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज, थोडक्यात १७बीटा-एचएसडी, या नावाची विकरे (एन्झाइम). त्यातली टाइप १ आणि टाइप २ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. टाइप १ इस्ट्रोनचे इस्ट्राडायॉल करते, तर टाइप २ इस्ट्राडायॉलचे पुन्हा इस्ट्रोन.

नावावरून ही दिशा कळत नाही. 'डिहायड्रोजनेज' म्हणजे हायड्रोजन काढणारे, पण टाइप १ पेशीत नेमके हायड्रोजन जोडते. क्रमांक पडले ते साधारणपणे शोध लागला त्या क्रमाने, दिशेशी त्यांचा संबंध नाही. पुढचे टाइप ३ वृषणात अँड्रोस्टेनडायोनचे टेस्टोस्टेरॉन करते, म्हणजे विषम क्रमांकाची क्षपण करतात (हायड्रोजन जोडतात) असे वाटू लागते. पण टाइप ५ तर मुळात वेगळ्याच प्रथिन-कुटुंबातले आहे आणि टाइप ४ पेरॉक्सिसोममध्ये मेदाम्लांच्या विघटनात गुंतलेले आहे. त्यामुळे क्रमांकावरून अंदाज बांधू नये. ११बीटा-एचएसडी या कॉर्टिसॉलशी संबंधित विकराचेही टाइप १ आणि टाइप २ आहेत. मजकुरात नुसते 'एचएसडी १' लिहिले असेल तर कोणते, हे आधी तपासून घ्यावे.

रचनेकडे पाहिले तर दोघांत साम्य कमीच. टाइप १ चे जनुक १७व्या गुणसूत्रावर, टाइप २ चे १६व्या. टाइप १ चे प्रथिन ३२८ अमिनो आम्लांचे, सुमारे ३५ किलोडाल्टन वजनाचे. ते पेशीद्रवात जोडीने राहते. टाइप २ मध्ये ३८७ अमिनो आम्ले आहेत आणि ते अंतर्द्रव्य जालिकेच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) पटलात रुतलेले असते. क्रमवारीतले साम्य जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके. टाइप १ ला प्रामुख्याने इस्ट्रोजेनच चालतात. टाइप २ मात्र टेस्टोस्टेरॉनचे अँड्रोस्टेनडायोनही करते, म्हणून त्याला केवळ इस्ट्रोजेनचे विकर म्हणणे अपुरे आहे.

खरी मेख सहविकरात, म्हणजे विकराला हायड्रोजन देणाऱ्या किंवा त्याच्याकडून घेणाऱ्या सहायक रेणूत, आहे. परीक्षानळीत दोन्ही विकरे दोन्ही दिशांना चालतात. जिवंत पेशीत मात्र टाइप १ एनएडीपीएच पकडते आणि टाइप २ एनएडी. पेशीद्रवात एनएडीपीएच त्याच्या ऑक्सिडीकृत (हायड्रोजन गमावलेल्या) रूपापेक्षा पुष्कळ जास्त असते, तर एनएडीच्या जोडीत उलट, ऑक्सिडीकृत रूपाचाच भरणा असतो. त्यामुळे पहिल्याची अभिक्रिया क्षपणाकडे ढकलली जाते आणि दुसऱ्याची ऑक्सिडीकरणाकडे. टाइप १ मधले ३६व्या जागेचे ल्युसीन बदलून तिथे अस्पार्टिक आम्ल घातले की त्याची पसंती एनएडीपीएचकडून एनएडीच्या जोडीकडे वळते. एका अमिनो आम्लाने एवढा फरक पडत असेल, तर दिशा हा विकराचा जन्मजात गुण मानणे चूकच आहे.

प्रयोगशाळेत निष्कर्ष फसतो तो याच ठिकाणी. पेशी फोडून अर्क काढला की सहविकरांचे नैसर्गिक प्रमाण मोडते. मग त्यात भरपूर एनएडी घालून सामू ९ च्या वर नेला, तर टाइप १ देखील इस्ट्राडायॉलचे इस्ट्रोन करू लागते, कारण क्षपणात हायड्रोजन आयन खर्च होतात आणि ते कमी असले की उलटी दिशा सोपी होते. या मोजणीतून विकराचे अस्तित्व कळते, त्याचे पेशीतले काम कळत नाही. दिशा ठरवायची तर त्या विकराचे जनुक घातलेल्या अखंड पेशी घ्याव्यात. एका खान्यात इस्ट्रोन आणि दुसऱ्यात इस्ट्राडायॉल, दोन्ही नॅनोमोलर प्रमाणात द्यावे, ठरावीक वेळाने नमुने काढावेत आणि दोन्हींचे गुणोत्तर पाहावे. ज्यांत ते जनुक घातलेले नाही अशा पेशींची तुलना हवीच. माध्यमातले ग्लुकोज संपले तर पेंटोज फॉस्फेट मार्गातून मिळणारे एनएडीपीएच घटते आणि टाइप १ मंदावल्यासारखे दिसते. म्हणून माध्यम ताजे ठेवावे.

ऊतीतून विकरे वेगळी करायची असतील तर अर्क १,००,००० जी वेगाने फिरवावा: टाइप १ वरच्या द्रवात राहते, टाइप २ तळाच्या मायक्रोसोममध्ये (पटलांच्या तुकड्यांत) बसते. जनुकाची अभिव्यक्ती मोजताना आणखी एक खाच आहे. टाइप १ च्या जनुकाला लागूनच त्याच्याशी कमालीचे मिळतेजुळते छद्मजनुक (जनुकाची निकामी प्रत) आहे. आरएनएमध्ये डीएनए उरला असेल आणि प्रायमर (मोजायचे जनुक पकडणारे छोटे डीएनए-तुकडे) नीट निवडले नसतील, तर त्या छद्मजनुकाचाच संकेत टाइप १ म्हणून मोजला जातो. वस्तुमान वर्णपटमापीवर इस्ट्रोन (वस्तुमान २७०) आणि इस्ट्राडायॉल (२७२) वेगळे दिसतात खरे. पण इस्ट्रोनच्या शंभरातले दोनेक रेणू जड समस्थानिकांमुळे २७२ चेच असतात. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभावर दोन्ही नीट वेगळे व्हायला हवेत, विशेषतः इस्ट्रोन बरेच जास्त असलेल्या नमुन्यात.

शरीरात दोघांची वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते ती वारेत. मातेच्या रक्ताला भिडलेल्या सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट या पेशीथरात टाइप १ भरपूर असते, तर गर्भाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात टाइप २. एकाच ऊतीत दोन्ही असल्याने वारेचा सरसकट अर्क घेऊन काढलेला निष्कर्ष गोंधळाचा ठरतो. अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा पेशींत टाइप १ प्रमुख आहे. गर्भाशयाच्या अस्तरात पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन टाइप २ वाढवते आणि तिथले इस्ट्राडायॉल आवरते. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे हे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढते त्या आजारात, तिथल्या ऊतीत ही वाढ होत नाही, त्यामुळे इस्ट्राडायॉल तिथे टिकून राहते.

म्हणूनच टाइप १ रोखणारे औषध शोधताना ते टाइप २ ला धक्का लावत नाही ना, हे सुरुवातीलाच तपासावे लागते. दोन्ही बंद पडली तर इस्ट्राडायॉल बनणे थांबेल, पण आधीचे मोडणारही नाही. उंदरांवरच्या निकालांबाबतही सावध राहायला हवे. उंदराचे टाइप १ अँड्रोस्टेनडायोनवरही चांगले काम करते, माणसाचे तसे करत नाही, आणि मानवी विकराला नेमके बसणारे रोधक उंदराच्या विकरावर अनेकदा निष्प्रभ ठरतात.