‘वय झालं, दिसायचं कमी होणारच’

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते बोललं की डोळे तपासायचेच राहून जातात. २०२० साली जगात सुमारे ४ कोटी ३० लाख लोक अंध होते. त्यातले ३ कोटी ३६ लाख पन्नाशी ओलांडलेले, आणि या तीन कोटींतल्या जवळपास दीड कोटी लोकांच्या अंधत्वाचं कारण होतं मोतीबिंदू. म्हणजे शस्त्रक्रियेनं बरा होणारा आजार! अंध नाहीत, पण नजर बरीच अधू आहे, असे आणखी साडेएकोणतीस कोटी लोक होते.

१९९० ते २०२० या तीस वर्षांत, वयातला फरक जमेस धरला तर अंधत्वाचं प्रमाण पाव हिश्शाहून जास्त घटलं. अंधांची संख्या मात्र जवळपास दीडपट झाली. उपचार सुधारले, पण लोकसंख्या वाढली आणि माणसं जास्त जगू लागली; डोळ्यांचे बहुतेक आजार तर उतारवयातलेच.

मोतीबिंदू वयाबरोबर का येतो? डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधीच तयार झालेली असतात आणि पुढे कधीच बदलली जात नाहीत. सत्तर-ऐंशी वर्षं उजेड झेलून ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढुळतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवता येतं. डोळ्यांचे ब्रिटिश शल्यचिकित्सक हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये ते पहिल्यांदा बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या अ‍ॅक्रिलिक काचेचे तुकडे डोळा निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

चाळिशी लागते ती वेगळ्या कारणानं: भिंगाची लवचीकता जाते आणि जवळचं वाचता येईनासं होतं. इलाज साध्या चष्म्याचा, तरी कोट्यवधी लोकांकडे तोही नाही.

मला खरी धास्ती वाटते ती काचबिंदूची. त्यात दृष्टीच्या मज्जातंतूचे धागे मरतात आणि गेलेली नजर परत येत नाही. सहसा दुखत नाही, लालीही नसते. बहुतेकदा आधी कडेचं दिसणं जातं, आणि ती पोकळी मेंदू आजूबाजूच्या दृश्यानं भरून काढतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळाही झाकतो. वेळेत सापडला तर थेंबांच्या औषधानं तो बऱ्याच अंशी रोखता येतो. पीतबिंदूच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, ऱ्हासात उलटं होतं: कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहराच पुसट होतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आज एकेक डोळा हातानं झाकून दाराची चौकट पाहायला सांगा. चौकट वाकडी दिसली, एखादा तुकडा गायब वाटला किंवा दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. आणि काहीच वावगं वाटलं नाही, तरी काचबिंदूसाठी वर्षा-दोन वर्षांनी तपासणी करून घ्या. तो घरी कळत नाही.